अर्धी राहिलेली वाकळ

पत्र्याच्या ट्रंकेत वाकळ होती आणि वाकळेत सुई तशीच अडकलेली होती. गंजून दोऱ्याला चिकटलेली. 2021 च्या जानेवारीत कोगनोळीतलं आमचं जुनं घर रंगवायला काढलं म्हणून माळा रिकामा केला, नाहीतर ती ट्रंक आणखी वीस वर्षं तिथंच राहिली असती. कडेनं बावीस फेरे दोरा घातलेला होता, आणि मधला दीड हात रुंद, तीन हात लांब पट्टा नुसत्या कच्च्या टाक्यांवर धरलेला होता. आज्जीनं शिवायला घेतली आणि मध्येच ती गेली, म्हणून राहिली, असं आम्ही सगळेच धरून चाललो. मी तर तसं चार ठिकाणी सांगूनही टाकलं. ते चूक होतं, पण ते मला कळायला आठ महिने लागले.

आज्जी सदलग्याकडची, माहेर कन्नड. ती हिला कौदी म्हणायची. आई म्हणायची वाकळ. पुण्याला गेल्यावर मला कळलं की लोक गोधडी म्हणतात. एकाच अंथरुणाला एकाच घरात दोन नावं असली की आमच्याकडे कुणाला काही वाटत नाही. कोगनोळी आणि कागल यांच्यामधून दूधगंगा वाहते. इंग्रजांच्या वेळी अलीकडे मुंबई प्रांतातला बेळगाव जिल्हा, पलीकडे कोल्हापूर संस्थान. 1949 साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि थोडी वर्षं दोन्ही काठ एका राज्यात आले. मग 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, आणि 1973 ला त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. या सगळ्यात आमच्या मुली कागलला दिल्या जात राहिल्या आणि कागलच्या मुली इकडे येत राहिल्या. वाकळाही त्यांच्याबरोबर ये-जा करत राहिल्या.

आमची आत्या अशीच कागलला दिलेली. सगळं घर तिला आक्का म्हणतं. वय छयाऐंशी, काचबिंदूनं नजर जवळजवळ गेलेली, डोकं मात्र लख्ख. वाकळेतलं कुठलं कापड कुणाचं हे सांगू शकेल अशी ती एकटीच उरली होती. मी वाकळ घेऊन जाणार, तोवर फेब्रुवारीत नाक्यावर तपासणी सुरू झाली. महाराष्ट्रातून कर्नाटकात यायचं तर आरटीपीसीआरचा रिपोर्ट दाखवा. कागलला जायला दहा मिनिटं, परत यायला स्वॅब. त्या वर्षी कोगनोळीचं नाव टीव्हीवर रोज यायचं, पण आम्हाला त्याचं कौतुक नव्हतं. पुढं लाट वाढली आणि छयाऐंशी वर्षांच्या माणसाजवळ जायचं कुणाला धाडसच होईना.

मग फोन. नातवाच्या मोबाईलवर फोटो पाठवून उपयोग नव्हता, तिला दिसत नाही. ती म्हणाली, "कापड बोटात धर आणि मी इचारतो ते सांग." (आमच्याकडच्या जुन्या बायका 'विचारतो', 'येतो' असंच म्हणतात, पुण्याच्या सुनांना हसू येतं.) काठ हाय का? काठाला दात हायत का सपाट? ओलं करून बघ, जड होतंय का? उलट बाजूनं रंग तसाच हाय का उतरलाय? मी सांगायची, ती ओळखायची. दिवसाला चार-पाच तुकडे. वहीत मी ठिगळांचा नकाशा काढला आणि प्रत्येकाला नंबर दिला.

वरच्या थराच्या कडेला जाड पांढरं धोतर होतं, आज्जाचं. इचलकरंजीच्या बाजारातलं. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनी 1904 साली बसवला, तेव्हाचे जहागीरदार नारायणराव घोरपडे यांचा त्याला पाठिंबा होता. पुढं ते गाव मागांचंच झालं. आमच्यासारख्या घरांना मुंबईच्या गिरणीचं कापड सणाला आणि इचलकरंजीचं रोजच्याला, असा हिशेब होता. धोतर आधी आज्जा नेसला, मग त्याचा पंचा झाला, पंच्याचं बाळाचं दुपटं झालं, आणि दुपट्याचं ठिगळ. चौथा जन्म म्हणा. आपण जैनांनी गतींचा विचार एवढा केलाय, तर कापडाच्याही मोजायला हरकत नाही.

त्याच्या खाली एक विटकरी रंगाचा तुकडा लागला. मला वाटलं लुगडं असेल. आक्का हसली. "न्हवं गं. माझा परकर हाय त्यो. धोतरच, घरात रंगवलेलं." युद्धाच्या दिवसांत कापड मिळेना. 1943 मध्ये सरकारनं कापडावर आणि सुतावर नियंत्रण आणलं, नंतर रेशनवर कापड आलं. आठ-दहा वर्षांच्या मुलीला परकर हवा तर बापाचं धोतर रंगवण्याशिवाय मार्ग नव्हता. शाळेच्या पुस्तकात दुसरं महायुद्ध मी हिटलरपासून शिकले. आमच्या घरात ते परकरापर्यंत आलं होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

इरकली लुगड्याचा टोपपदर होता, तो आज्जीच्या लग्नातला. गुळेदगुड्डच्या खणाच्या दोन चोळ्या होत्या, उसवून सपाट केलेल्या. एका जागी जाड खादीचा चौकोन होता, दुहेरी, मधोमध पातळ झालेला. ते पाणी गाळायचं फडकं निघालं. आपल्या घरांत गाळणं फाटलं तरी पायपुसणं करत नसत. ते वाकळेत जाई, हे मला नवीन होतं. आणि एक तुकडा रेशमी, आज्जाच्या पूजेच्या मुकट्याचा. कुठल्याशा महाराजांचं प्रवचन ऐकून आज्जानं रेशीम सोडलं. किड्यांना उकळून काढलेलं सूत अंगावर नको. मुकटा सोडला, पण टाकवला नाही. मग आज्जीनं तो वाकळेच्या आतल्या बाजूला लावला, जिथं कुणाला दिसणार नाही. आज्जाला तरी माहीत होतं का, असं मी विचारलं. आक्का म्हणाली, "त्योच पांघरत हुता की."

याच भागात स्तवनिधीला 1899 साली दक्षिण भारत जैन सभा स्थापन झाली. सभेची अधिवेशनं, वसतिगृहं, देणगीदार, ठराव यांची नोंद छापून ठेवलेली आहे, आणि 'प्रगती आणि जिनविजय'चे जुने अंक चाळले तर कुणी किती रुपये दिले तेही सापडतं. ते काम मोठंच होतं, माझे वडील त्या वसतिगृहांमुळं शिकले. पण ज्या घरांतून ते रुपये गेले त्या घरांत तेव्हा लोक काय पांघरत होते, हे कुठल्या अहवालात बघायचं? मला ते या ट्रंकेत बघावं लागलं.

आता शिवण्याचं. ज्यांनी वाकळ शिवली नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगते, कारण माझ्या सगळ्या चुका इथं झाल्या. खाली एक अख्खं जुनेर अंथरतात, मध्ये फाटक्या कपड्यांचे थर, वर ठिगळांची मांडणी. सगळं कच्च्या टाक्यांनी धरायचं. मग कडेपासून सुरू करून धावदोरा घालत गोल गोल आत यायचं, फेऱ्या-फेऱ्यात बोटभर अंतर. कडेपासून आत आलं की जास्तीचं कापडही सरकत सरकत आत येतं. हात सैल असला तर शेवटी मध्यभागी फुगा येतो. माझ्या वाट्याला तो मध्यभागच आला होता.

पहिल्या आठवड्यात मी ठरवलं की मशीनवर घालावा दोरा. मशीनच्या पायाखाली थर सरकले आणि सुई मोडली. हातानं घेतलं तर टेरिकॉटच्या ठिगळानं सुई परत फेकायला सुरुवात केली. सुती कापड सुईला वाट देतं, टेरिकॉट देत नाही. वडिलांच्या शर्टाचं ते ठिगळ होतं, एकोणीसशे सत्तरच्या आसपासचं, रंग अजून पहिल्यासारखा. आज्जीनं ते का लावलं असेल, असं वाटून गेलं. बाकी सगळं कापड विरत आलं होतं आणि हे एकटं ताठ. आसपासची जुनी कापडं त्यानंच फाडली होती. नवं, न धुतलेलं कापड वाकळेत लावू नये ते यासाठी. मी दुरुस्तीला आणलेला नवा कोरा मांजरपाट असाच आधी न धुता लावला, आणि पहिल्या धुण्यात तो आटून बाजूचं सगळं आवळून बसला. सगळं उसवून परत.

दोरा हातभरच घ्यावा, लांब घेतला की गुंता होतो. दुहेरी दोऱ्याला मेण लावावं. उन्हात बसून शिवू नये, टाका सरळ दिसतो पण सावलीत बघितला की वाकडा. हे सगळं मला आक्कानं फोनवर सांगितलं, पण मी चुकल्यावर. आधी का नाही सांगितलं म्हटलं तर म्हणाली, "आधी सांगितलं तर तू ऐकलं असतंस?"

एक चूक मात्र दुरुस्त न होणारी केली. जुन्या बावीस फेऱ्यांतले शेवटचे दोन फार ओढलेले होते. टाके लहान-मोठे, एका ठिकाणी दोरा इतका ताणलेला की कापड चुणलेलं. आधीचे वीस फेरे तांदळाच्या दाण्यासारखे एकसारखे, आणि हे दोन असे. आज्जी आजारी असेल, हात थरथरत असेल, असं मी समजले. पुढचे माझे फेरे नीट बसावेत म्हणून मी ते दोन उसवले आणि पुन्हा घातले. जुना दोरा फेकून दिला.

त्या काळात रात्री मी वाकळांबद्दल वाचत होते. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात हॅरिएट पॉवर्स नावाची बाई होती, 1837 साली गुलामीत जन्मलेली. तिनं बायबलातल्या गोष्टी कापडाच्या आकृत्या कापून वाकळेवर बसवल्या आणि 1886 साली अथेन्स गावच्या कापसाच्या जत्रेत ती मांडली. जेनी स्मिथ नावाच्या चित्रकला शिक्षिकेला ती विकत हवी होती, पण पॉवर्स देईना. काही वर्षांनी घरची ओढाताण झाली तेव्हा तीच वाकळ घेऊन आली, दहा डॉलर मागितले. स्मिथकडे पाचच होते. पॉवर्सनं पाचाला दिली, आणि नंतर ती वाकळ नुसती बघायला म्हणून स्मिथच्या घरी परत परत गेली. आज ती वाकळ वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पाच डॉलर! मला त्या शिक्षिकेचा राग आला होता. वहीत मी तसं लिहूनही ठेवलं आहे.

एवढं लांब जायची गरजही नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, आणि पुढं हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडकडे सिद्दी लोक आहेत, आफ्रिकेतून इकडे आणलेल्यांचे वंशज. त्यांच्या बायका कवंद शिवतात. पद्धत आपलीच, कडेकडून आत. पण चारी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची त्रिकोणी 'फुलं' लावल्याशिवाय ती कवंद पुरी झाली असं त्या मानत नाहीत. फुलं नसतील तर ती उघडी. हेन्री ड्रेवल या अमेरिकन अभ्यासकानं हे नोंदवून ठेवलं आहे. मला ते इतकं आवडलं की मी आमच्या वाकळेलाही चार फुलं लावली. आमच्याकडची ही रीत नाही, हे कबूल करते. आमच्याकडे शेवटचा टाका घालताना आत चार दाणे जोंधळ्याचे ठेवत, म्हणजे वाकळ उपाशी राहत नाही. तेही ठेवले.

ऑगस्टच्या शेवटी वाकळ पुरी झाली. एकोणीस फेरे माझे, दोन उसवलेले धरून. मध्ये थोडा फुगा आहेच. दोन्ही लसी झाल्या होत्या. पर्युषण झाल्यावर वाकळ धुतली, उन्हात तीन दिवस टाकली, रिपोर्ट काढला आणि कागलला गेले.

आक्कानं वाकळ मांडीवर घेतली आणि कडेपासून बोटं फिरवत आत यायला लागली. धोतर, परकर, खण, एकेक नाव घेत. कोपऱ्यातल्या फुलांवर बोटं थांबली, "हे काय नवीन?" म्हणाली आणि पुढं सरकली. मग म्हणाली, "दोरा छान हाय. तिचा हात लई सारखा."

मी म्हटलं, आज्जीचा हात मी पहिल्यांदाच एवढ्या जवळून बघितला.

"आईचा? आईनं कुठं घातला दोरा? आई मांडणी करायची. दोरा त्या निपाणीच्या बाईनं घातला."

मला आठवत होती ती आज्जी वाकळेपाशी बसलेली, हे खरं. ती तुकडे मांडत होती. लहानपणी बघितलं आणि पुढचं मीच शिवून टाकलं.

ती बाई निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. दिवसभर जर्दा चाळायचा, नाकातोंडात तंबाखू, आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या सोप्यावर बसून वाकळ. दोन पायल्या जोंधळा आणि एक जुनेर, असं ठरलं होतं. वीस फेरे झाल्यावर ती म्हणाली, आता धान्य नको, रोख द्या, आणि ठरलंय त्याच्यापेक्षा जास्त द्या. आज्जी म्हणाली, ठरलंय ते ठरलंय. त्यावर आणखी दोन फेरे तिनं घातले, मुकाट्यानं. मग सुई कापडात टोचली आणि उठून गेली. परत आली नाही.

"मग आज्जीनं का नाही पुरी केली? तिला तर येत होतं."

"पुरी केली असती तर तिचं देणं लागलं असतं की," आक्का म्हणाली. "अर्ध्या कामाचं काय द्यायचं, असं आईचं. म्हणून ठेवून दिली."

म्हणजे ते दोन ओढलेले फेरे आजारी आज्जीचे नव्हते.

हे कधीचं, असं विचारलं तर आक्काला साल सांगता येईना. "रस्त्यावर बसायच्या आदल्या उन्हाळ्यात," म्हणाली. मग साल मला काढता आलं. 1981 च्या मार्च-एप्रिलमध्ये तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी निपाणीजवळ पुणे-बंगलोर रस्त्यावर बसले होते. तीन आठवडे रस्ता बंद होता. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पोलिसांनी गोळीबार केला, त्यात शेतकरी मेले. आमच्या घरचे दोन पुरुष तिथं बसले होते. घरातून दोन वाकळा त्या रस्त्यावर गेल्या आणि एकच परत आली, ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आमच्या घामाचा भाव द्या, हे घरात रोजचं वाक्य होतं. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात सोप्यावर काय झालं, ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

वखारीतल्या बायकाही त्याच सुमारास संघटित होत होत्या. 'युगांतर' या स्त्रियांच्या चित्रपट गटानं 1982 साली त्यांच्यावर त्यांच्याच सहभागानं एक माहितीपट केला, 'तंबाखू चाकिला ऊब आली'. कागलहून आल्यावर मी तो शोधून बघितला. मग परत बघितला, या वेळी आवाज बंद करून, नुसते चेहरे आणि हात. अंगठ्याजवळ सुईचं घट्टं कुणाच्या हाताला आहे का, हे पडद्यावर दिसत नसतं, हे मला कळत होतं. तिचं नाव आक्काला आठवत नाही. "नाव घेऊन कोण बोलवत हुतं," एवढंच म्हणाली. निपाणीत मी दोन-तीन जुन्या कामगार बायकांना भेटले. एकीनं मलाच विचारलं, "आता कशाला पाहिजे ती तुम्हाला?" मला नीट उत्तर देता आलं नाही.

आज्जीबद्दल मी इथं असं लिहिलं हे घरात सगळ्यांना आवडलेलं नाही. धाकट्या काकी म्हणाल्या, त्या काळात सगळेच तसं द्यायचे. खरं आहे. आज्जी कंजूष नव्हती, पोटच्या पोरांना ताटातलं काढून द्यायची, दारातून कुणाला उपाशी परत पाठवत नव्हती. धान्य द्यायला तिचा हात कधीच आखडला नाही. रोख मागितल्यावर आखडला, कारण धान्य दिलं की ते दान वाटायचं आणि रोख म्हणजे मजुरी. हा फरक तिनं केला असेल असं मला वाटतं, आणि माझ्या घरी भांड्याला येणारीनं मागच्या दिवाळीत पगार वाढवून मागितला तेव्हा मीही आधी साडीच पुढं केली होती.

परवा इथल्या महिला मंडळानं जुन्या हस्तकामाचं प्रदर्शन भरवलं. रुखवताच्या वस्तू, कशिदा, मण्यांची तोरणं आणि वाकळा. प्रत्येक वस्तूपुढं चिठ्ठी हवी होती: वस्तू, साल, करणारीचं नाव. मी लिहिलं: वाकळ. 1980 आणि 2021. मांडणी आज्जीची. कापड घरातल्या सहा माणसांचं. दोरा, बाहेरचे वीस फेरे, निपाणीच्या वखारीतली कामगार स्त्री, नाव माहीत नाही. आतले एकोणीस फेरे मी. मजुरी बाकी.

चिठ्ठी बघून अध्यक्ष वहिनी म्हणाल्या, शेवटची ओळ राहू दे की बाई, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, मग वाकळ घेऊन जाते. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग त्यांनीच टाचणी घेऊन चिठ्ठी लावली, आहे तशी. दोन दिवस वाकळ भिंतीवर होती. एक म्हातारी बराच वेळ तिच्यापुढं उभी राहिली, दोन्ही हातांनी कडेचा दोरा चाचपला आणि काही न बोलता पुढच्या वस्तूकडे गेली. ती कोण, हे विचारायला मी बाहेर येईतो ती निपाणीच्या बसमध्ये चढली होती. असेल कुणीही. वाकळ आता कागलला आक्काकडे आहे, पंखा लावला की तिच्या पायांना गार लागतं.